तेलगिरणीतली चावरी पेटी

तेरच्या वाटेवर बंडप्पांच्या तेलगिरणीत जत्रा लोटली होती. मोटार बंद, खटका पाडलेला, तरी भिंतीवरची लोखंडी पेटी माणसाला चावते म्हणे! दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने महांतप्पा मिस्त्रीचा जीव घेतला होता. आता तिला वठणीवर आणायला एक महाराज अवतरले होते. निजामाच्या राज्यात विजेपेक्षा महाराज लवकर पोचत.

महाराजांनी मुठीला रेशीम गुंडाळलेला लोखंडी चिमटा पेटीच्या तिन्ही बोल्टांवर फिरवला. कडाड्! निळी ठिणगी उडाली. मग बोल्टांवर खुशाल उघडा हात ठेवला.

"चंडी निवली! पर मिस्त्रीचा आत्मा आत तळमळतोय, बायकोच्या पापानं. ती निर्मळ असंल तर पेटी चावायची न्हाय. फिरवा मोटार!"

मोटार फिरली, बंद झाली, खटका पडला.

"धर गं बोल्ट!"

मिस्त्रीची विधवा मल्लम्मा पेटीपुढे उभी राहिली. धरावं तर मरण; न धरावं तर पापीण ठरून, दोन लेकरं घेऊन जायचं कुठं? नवऱ्याने तिला सांगितलं होतं, मोटारीला चुंबकासाठी लागणारा जादा प्रवाह ही पेटी पुरवते, म्हणून गिरणीचं जनित्र तापत नाही. बंद केल्यावरही वीज आत साठून राहते. पान खाईपर्यंत थांबलं की आपसूक निचरते. त्या दिवशीही तो थांबला होता. मग मेला कसा? आठ दिवस याच प्रश्नाने तिला पोखरलं होतं. आपलंच काही पाप असेल, असं तिलाही वाटू लागलं होतं.

तिने वर पाहिलं. महाराजांनी चिमटा छातीशी घट्ट धरला होता.

"महाराज, आधी तुमी धरा."

"म्या मघाच धरलं की!"

"आता चिमटा न लावता धरा."

महाराज दोन पावलं मागे सरले. "कोप व्हईल देवीचा!"

मल्लम्माने चिमटा हिसकला, रेशमाला धरून बोल्टांवर टेकवला. कडाड्! पुन्हा टेकवला, काही नाही. मग डोळे मिटून तिने हात बोल्टांवर ठेवला. ती जिवंत होती.

"लोखंड लावलं, पेटी रिकामी झाली. यात कसली चंडी?" महाराज गर्दीतून वाट काढू लागले होते. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती बोल्टांकडे बघत राहिली. "मालक, या बोल्टांच्या मधी तार गुंडाळलेल्या चिनी मातीच्या नळ्या व्हत्या. त्यांतूनच वीज निचरायची. कुठं गेल्या?"

बंडप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. "खंडेनवमीला... हळदीकुंकवाला आड येत व्हत्या. म्याच काढल्या. वरून झेंडूचा हार घातला."

"म्हणून ह्यांस्नी दिसलं न्हाय." मल्लम्मा मटकन खाली बसली आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच मोठ्याने रडली. मग जमलेल्या लोकांकडे वळली.

"हात जोडायच्या आधी इचारत जावा रं, ही वस्तू कशाला हाय म्हणून. मालकांनी एवढं इचारलं असतं, तर आमचे हे आज जिते असते."