बंद डबीतला संतराम

संतरामचा फोटो आला नाही.

छे, असं काही घडलेलं नाही. फोटो येणार आहे, तेरवीला भिंतीवर लागणार आहे, आणि तातेराव फोटोग्राफर आत्ता वारंग्याजवळच्या एका खेड्यात काळ्या फडक्यात डोकं घालून उभे आहेत. समोर बाजेवर संतरामला टेकवून बसवलंय, डोक्याला पटका बांधलाय. तो पहाटेच तापानं गेला. तातेरावांच्या गिऱ्हाइकांत इतकं शहाण्यासारखं बसणारं दुसरं कोणी नव्हतं.

कॅमेरा मिटला की पोथीच्या पेटीएवढा. पुढची फळी खाली पाडायची, रुळांवरून भिंग ओढायचं, की चामड्याचा भाता उलगडत बाहेर येतो. मागे दुधी काच. तिच्यावर जग उलटं दिसतं. नीट दिसलं की काच काढून तिथे फोटो उमटायच्या प्लेटची बंद डबी लावायची. साल अठ्ठेचाळीसचं, संस्थानाच्या सरहद्दीवरून माल येणं बंद. प्लेट एकच उरली होती.

संतरामच्या आईनं, चतुराबाईनं, आधी मला पाहू द्या म्हणून हट्ट धरला. फडक्यात शिरली आणि बाहेर येऊन म्हणाली, "माह्या लेकराला उलटं काहून टांगलं?"

भावकीतले चौघे मदतीला धावले. संतरामलाच खाली डोकं वर पाय धरलं तर काचेत बराबर दिसेल, असं त्यांचं मत पडलं. त्यांनी पाय उचललेसुद्धा. कागदावर सरळ येतो, हे तातेरावांनी घाईघाईनं समजावलं.

"कवा?"

"तेरवीच्या आत, बाई. माही जबान."

फोटो काढला. मग संतरामला नेऊन जाळलं.

परतताना जमादार उत्तमरावांनी नाक्यावर सायकल अडवली. दिवस धामधुमीचे, पेटी दिसली की आधी बंदूक समजायची. कॅमेरा उघडायला लावून त्यांनी काचेत पाहिलं, तर नाका उलटा. हे सरकारविरुद्ध आहे की नाही, ते त्यांना ठरवता येईना. मग डबी उचलली.

"ह्याच्यात काय हाय?"

तातेरावांना खोटं बोलता येत नसे. "माणूस हाय, साहेब. मेलेला. उजेड लागला तर जाईल."

"मेलेला कुठं जाईल?"

 तातेरावांनी डबी हिसकून छातीशी धरली, त्यानं संशय पक्का झाला. उत्तमरावांनी ती काढून घेतली आणि भर उन्हात झाकणपट्टी ओढली. आत पांढरट, गुळगुळीत काच.

"कोणीच न्हाई की," ते म्हणाले आणि समाधानानं वाट सोडली. तोवर ते खरंही झालं होतं.

तातेरावांनी तरी प्लेट रसायनात धुतली. काळीकुट्ट निघाली. तीच घेऊन ते खेड्यात गेले.

चतुराबाईला वाटलं, काजळी बसलीय. तिनं पदरानं पुसली, उन्हात धरली, पुन्हा पुसली. "तुमी सांगा, कोण्या अंगानं पाहू?"

नाक्यावर आत उजेड शिरला, असं तातेराव खाली पाहून म्हणाले.

"मंग त्याह्यनं घातला तर त्याह्यलाच काढून घ्या म्हणा," ती म्हणाली. रागावून नाही, शेजाऱ्याचं जनावर रानात घुसल्यावर सांगावं, तशी.

तातेरावांनी घरी येऊन अर्ज लिहिला. कचेरीचं काम उर्दूत चाले, अर्ज मराठीत होता.

"अर्जदार तातेराव, धंदा फोटो काढणे, राहणार आखाडा बाळापूर. विनंती की, झडतीच्या वेळी अर्जदाराच्या डबीत शिरलेला उजेड सरकारजमा करून घेण्यात यावा, व मयत संतराम यास तेरवीपूर्वी, सरळ बसलेल्या स्थितीत, त्याच्या आईच्या ताब्यात देण्याचा हुकूम व्हावा."