खेळातला लाल सिग्नल

टीव्हीला जोडून खेळायचा जुना गेम फोनमध्ये बसवायचा म्हणजे अख्खं वऱ्हाड एका रिक्षात कोंबायचं. भूपेंद्र पुण्याच्या एका कंपनीसाठी जळगावच्या घरात बसून हेच करत होता. गेममध्ये एक सबंध शहर. गाडी काढा आणि वाट फुटेल तिकडे जा. स्वस्तातले फोन मात्र त्या शहराच्या ओझ्याने तव्यासारखे तापायचे. काहीतरी कमी करणं भाग होतं. भूपेंद्रने चौकांतले सिग्नलच काढून टाकले. खेळणारा मेला सिग्नलला थांबतो कुठे?

लहानपणी एक जण थांबायला लावायचा. दलिचंद शेठच्या पोराने, पारसने नवा कन्सोल घेतला, तेव्हा जुना आपल्या दोस्ताला, भूपेंद्रला दिला, त्याबरोबर हाच गेम आला होता. भूपेंद्रचे वडील लोटनआबा दिवसभर रिक्षा चालवून आले की त्याच्या मागे बसत. पोरगा चौकातून सुसाट निघाला की पाठीत धपाटा. "लाल शे ना? थांब!" पडद्यावर पोलीस मागे लागलेले आणि हे बापलेक सिग्नलला उभे! पारस हसून लोटपोट व्हायचा. पण तेवढ्यात आबा रिक्षातल्या एखाद्या सवारीची गोष्ट काढायचे. हिरवा लागला की गोष्ट अर्धी, उरलेली पुढच्या चौकात. एरवी माणूस घुमा. भूपेंद्रला बाप जेवढा कळला, तेवढा त्या लाल दिव्यांपाशीच कळला.

आता कंबरेपायी रिक्षा सुटली होती आणि आबांचं बोलणंही.

भूपेंद्रने गेम चालू करून फोन त्यांच्या हातात दिला. कन्सोलची ढीगभर बटणं त्यांना कधी जमली नव्हती. इथे नुसत्या अंगठ्याने गाडी वळत होती. बाप त्या शहरात पहिल्यांदाच स्वतः गाडी चालवत होता.

चौक आला. आबांनी गाडी थांबवली. मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या, आबा दिवा शोधत राहिले.

"सिग्नल कोठे गयात रे?"

"काढी टाकात, आबा. कोनीच थांबत नही."

आबांनी फोन मांडीवर ठेवला. "मंग आपन बोलसूत कव्हा?"

भूपेंद्रने त्याच दुपारी, फोन तापू नये म्हणून, गाड्यांवरची चकाकी काढली आणि सिग्नल परत लावले. कंपनीला काय सांगायचं ते पुढचं पुढे.

आबांनी पुन्हा गाडी काढली. पहिल्याच चौकात लाल लागला. आबांनी अंगठा उचलला, खाकरले. "एकदाव पाचोरानी एक बाई बसनी व्हती. तिना पिशवीमा कोंबडी..."

हिरवा लागला. आबांचा अंगठा काचेकडे गेला, तसा भूपेंद्रने तो धरला.

"थांबा, आबा. वाजू द्या भोंगे."