घळीतलं गवत

"पारास्के, गुरं चारायला न्हेली हुतीस का उपास घडवायला?" हापका मोकळी चरवी घेऊन वाटेतच आडवी झाली. "बघ माझ्या गाईची कास. रिकाम्या पिशवीवानी लोंबतीया!"

कळप नुकताच गावात शिरत होता. पोडोलियाच्या मुलखात त्या उन्हाळ्यात आभाळानं तोंड फिरवलं होतं. काळीभोर जमीन, पण तडकून तडकून अशी की तिच्या फटीत कोंबडीचं पिल्लू अडकावं. माळावर गवताच्या नावाला नुसती कुसळं. हिरवं होतं ते एकाच जागी, वीटभट्टीमागच्या घळीत. गुडघाभर, गार, वाऱ्यासंगं लवणारं. गुरं राखायची पाळी घराघरानं फिरायची, आणि आजची पाळी पारास्काची. म्हातारीनं अख्खा दिवस कळप माळावर फिरवला. गुरं घळीकडं वळली की ही काठी आडवी धरून घळीच्या तोंडाशी उभी.

हापकाचा नवरा सावका कुंपणाला रेलून बिडी ओढत होता. "घळीत घालायची की. गवत आयतं माजलंय."

"तिथं माणसं हाईत," पारास्का म्हणाली.

"हुती. लढाई सरून किती वर्सं झाली?"

"हाईत."

"ऐका!" तेक्ला हसली. गल्लीच्या टोकाला राहणारी, जिभेला धार असलेली बाई. "काय गं पारास्काकाकी, यहुदी तुझे कोण? सोयरे का?"

"शेजारी," पारास्का म्हणाली. "तुझेबी."

बाया आपापल्या गाई वळवायला लागल्या.

गावाचा बाजाराकडचा अर्धा भाग एकेकाळी यहुद्यांचा होता. शिंपी, चांभार, काचा बसवणारे, आठवड्याच्या बाजारात बटणं विकणाऱ्या म्हाताऱ्या. लढाईतल्या एका पानगळीत जर्मनांनी सगळ्यांना घळीकडं हाकत नेलं, आणि बंदुका घेऊन कडेनं उभी राहिली त्यात इथलीही पोरं होती. दुपारपर्यंत आवाज येत राहिला. मग तो थांबला. सांजेला बाजाराकडची दारं उघडी पडली होती, आणि गावातल्या कितीतरी बिछान्यांवर नव्या पिसांच्या उशा आल्या होत्या. त्या दिवसापासून त्या माणसांची नावं गावानं कधी ओठावर आणली नाहीत. घळीला कोणी दगड लावला नाही, कुंपण घातलं नाही. पारास्का मात्र चुलीशी बसून एकटीच ती नावं पुटपुटायची, जात्यात दाणे सोडावे तशी, एक-एक.

सावकानं बिडी टाचेखाली चिरडली. "हे बघ. पुढल्या पाळीला गुरं घळीत जातील. न्हाईतर तुझी लिस्का कळपात न्हाई. बांध अंगणात आन् गोष्टी सांगून पोस तिला."

लिस्का म्हणजे पारास्काचं सगळं घरदार. कपाळावर पांढरा ठिपका असलेली तांबडी गाय. नवरा लढाईत गेला, लेक खाणीत कामाला गेला तो तिकडचाच झाला. उरली ही.

"मग न्हाई कळपात," पारास्का म्हणाली आणि गायीच्या मानेवर हात ठेवून घरी गेली. पाठीमागून कुणीतरी ढेकूळ फेकलं. ते लिस्काच्या मांडीला लागलं.

दुसऱ्या दिवशी पाळी सावकाची. शीळ घालत त्यानं कळप थेट घळीत उतरवला. पारास्का दाव्याला गाय धरून रस्त्याच्या कडेनं फिरली. धुळीनं माखलेलं गवत, वाळकी पानं. हातानं उपटून झटकायची आणि गायीच्या तोंडाशी धरायची. हात फोडांनी भरले. येणारेजाणारे थुंकून पुढं जात.

सांजेला कळप परतला तो डुलत. कासा तटतटलेल्या. अंगणाअंगणात धारांचा आवाज, चरव्यांवर फेस. सावका मुद्दाम तिच्या कुंपणाशी येऊन ओरडला, "बघ! दुधाला दूधच म्हणत्यात. रगात न्हाई आलं त्यातनं!"

पारास्का दारात बसून बघत राहिली. दूध नेणारी गाडी आली. रोज बाया थोडंफार दूध मागं ठेवीत, पोरांना, विरजणाला. आज एकेक चरवी गाडीवरच्या कॅनमध्ये पार उपडी होत होती. तळातला फेससुद्धा झटकून. मांजर पायात घोटाळलं तर त्याला लाथ बसली.

अंधारायच्या आधी हापका आली. मागच्या बाजूनं, कोबीच्या वाफ्यांतून. शालीखाली मडकं.

"जरा दूध दे. नातवाला पायजे."

"तुझी गाय आटली?"

"भरपूर देती."

"मग?"

हापकाचा चेहरा ताठरला. "त्याला ते सोसत न्हाई."

"त्यानं पिऊन बघितलं?"

"द्यायचं तर दे, म्हातारे! उलटतपासणी कशाला करतीस?"

लिस्कानं त्या दिवशी जेमतेम मडकंभर दूध दिलं होतं. पारास्कानं ते पुढं ओढलं, पण त्यावरचा हात काढला नाही.

"देते. घळीत कोण हाय ते तोंडानं सांग. एकच नाव सांग."

"तुला भूत लागलंय."

"मग नातवाला तुझ्या गाईचं पाज."

हापका वळली. वाफ्यांपर्यंत गेली. तिथंच उभी राहिली, पाठमोरी.

"हायका," ती शेवटी म्हणाली. "शिवणारी हायका. माझा लग्नाचा झगा तिनं शिवला. दातात सुई धरून हसायची. झालं समाधान?"

पारास्कानं दूध ओतून दिलं. हापकानं मडकं हिसकावून घेतलं. आभार नाहीत, मान वर नाही. "भाईर बोललीस तर सावका तुझं छप्पर पेटवील," एवढं म्हणून ती निघून गेली.

त्या रात्री पारास्का बिनदुधाची भाकर पाण्यात बुडवून जेवली.

कळप घळीतच जात राहिला. लिस्काला कुणी परत घेतलं नाही, रस्त्यात पारास्काशी कुणी बोललं नाही. गाडीवर चरव्या तशाच उपड्या होत राहिल्या.

दोन दिवसांनी दिवेलागणीला वाफ्यांत पावलं वाजली. तेक्ला. सोयरे म्हणून हसलेली तीच. तिनं इकडंतिकडं पाहिलं. पारास्का उठली नाही, काही विचारलंही नाही.

"नुखीम," तेक्ला म्हणाली. "काचा बसवायचा. दोन पोरी हुत्या त्याला. धाकटी बोबडी."

मग तिनं शालीखालनं मडकं काढलं.