चोच चेपलेलं बोंडलं

मित्रांनो, माझी चोच चेपलेली आहे. ती ज्या दिवशी चेपली, त्या दिवशी तिगावच्या एका घरातलं मूल गेलं होतं. म्हणून माझी गोष्ट मी चोचीपासूनच सांगतो.

मी स्टीलचं बोंडलं आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. तळहातात मावेल एवढी वाटी आणि तिला पुढे आलेली एक नळी, एवढंच माझं रूप. ज्या बाळाला अजून पेला धरता येत नाही, त्याला माझ्यातून दूध-पाणी पाजतात. नागपूरच्या एका कारखान्यात मी तयार झालो. पांढुर्ण्याच्या बाजारात केसरबाईच्या आईने मला घेतलं आणि बाळंतविड्यात, झबल्या-टोपड्यांच्या मधे ठेवून, लेकीच्या सासरी तिगावला पाठवलं.

केसरबाईची पहिली मुलगी नेहा. तिला पाजताना केसरबाई आधी एक थेंब तळहातावर घेऊन स्वतः चाखायची. मग माझी चोच बाळाच्या ओठाच्या कडेला लावायची आणि घुटका गिळल्याचा आवाज येईपर्यंत थांबायची. मला वाटायचं, आपण चांगल्या घरी पडलो.

नेहा आठ महिन्यांची असताना तिला ढाळ लागले. बागेत संत्र्यांची तोडणी चालू होती. केसरबाई तिला पाणी पाजायला बसली, तर तिची सासू जयवंता म्हणाली, "फुटक्या मडक्यात पाणी कायले भरून राहिली वं? वरून ओतशीन तेवढं खालून जाईन. पोटाले आराम दे."

जयवंता वाईट नव्हती. तिच्या आईने तिला हेच सांगितलं होतं. केसरबाई चोरून पाजत राहिली. ते तिच्या नवऱ्याने, भिवाजीने पाहिलं. त्याने मला तिच्या हातातून काढून घेतलं.

"माय म्हणते ते ऐक न," तो म्हणाला आणि मला उंच फळीवर ठेवलं. तो उंच होता. तिचा हात तिथे पोहोचत नव्हता.

दोन दिवस मी त्या फळीवर कोरडा होतो. खाली माठ भरलेला होता. नेहाची जीभ वाळली, डोळे खोल गेले. ती रडायची, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला आगगाडीने दवाखान्यात न्यायला निघाले. स्टेशन यायच्या आतच ती भिवाजीच्या हातांत गेली.

घरी आल्यावर केसरबाई धान्याच्या कोठीवर चढली. तिने मला खाली काढलं आणि भिंतीवर फेकलं. चोच चेपून मी राखेच्या कोपऱ्यात जाऊन पडलो.

पुढे गावात नर्सबाई आल्या. ढाळ लागले की पाणी तोडायचं नसतं, जेवढं जातं तेवढं भरून काढायचं असतं, असं त्यांनी सांगितलं. केसरबाई सगळं ऐकून घरी आली. तिने मला राखेच्या कोपऱ्यातून उचललं, घासलं. चोच सरळ करून पाहिली, ती झाली नाही. माझी धार गेली ती गेलीच. थेंब तेवढा पडू लागला. पण उलटी करणाऱ्या बाळाला थेंबच लागतो, मित्रांनो. धार त्याच्या पोटात टिकत नाही.

नंतर वैभव झाला आणि माझ्याच पाण्यावर वाढला. मग तर कोणाच्याही लेकराला हगवण लागली की बाया मला मागायला येत.

"बोंडलं देते, पण मीही येते संगं," केसरबाई म्हणायची.

"का वं, पळवून नेतो का आम्ही तुहं बोंडलं?"

"बोंडलं नेसान. हात कोठून आणसान?"

बाया हसायच्या. ती मात्र जाऊन बसायची. घोट दे, थांब, मग घोट दे, एवढंच तिचं शास्त्र. नर्सबाईंनी दिलेली मीठ-साखरेची पाकिटातली पावडर पाण्यात मिसळली की ती आधी चाखायची आणि म्हणायची, "आसवाहून खारट नको."

मुलं मोठी झाली, बाटल्या आल्या, आणि मी केसरबाईच्या पेटीत लुगड्यांखाली गेलो. गेल्या वर्षी थंडीत केसरबाई वारली. भिवाजीने पेटीला कुलूप लावलं आणि ते पुन्हा उघडलं नाही.

ते उघडलं तो दिवस आता सांगतो. वैभवची मुलगी मृणाल नऊ महिन्यांची आहे. तिला पहाटेपासून उलट्या आणि पाण्यासारखे ढाळ सुरू झाले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "पोटाचा व्हायरस आहे. तो आपल्या वेळेनं जाईल. तोवर पोरीच्या अंगातलं पाणी टिकवणं हेच औषध." त्यांनी पाकिटं दिली. एक पाकीट एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात. आईचं दूध चालू ठेवायचं. दिवस मावळेपर्यंत लघवी झाली नाही, किंवा पोर मलूल पडली, तर तिला तशीच उचलून आणायची.

वैभव मायलेकींना घरी सोडून सौंसरला कामावर गेला. दुपारपर्यंत मृणालची आई पूनम हीसुद्धा उलट्यांनी आडवी झाली. राहिला एकटा भिवाजी.

त्याने पाणी उकळून थंड केलं. पण लिटरभर पाणी पाहून त्याला वाटलं, एवढ्याशा पोरीला एवढं कायले? कपाशीवर फवारायची दवाही तो जरा कडकच करायचा. कडक दवा लवकर लागू पडते, हे त्याच्या हाताला माहीत होतं. त्याने अख्खं पाकीट एका गडव्यात, लहान तांब्याएवढ्या पाण्यात, रिकामं केलं.

मृणाल बाटली घेईना.

"मामाजी, पिऊन नाही राहिली का?" पूनमने पडल्या पडल्या सासऱ्याला विचारलं.

"थू करून राहिली."

तेव्हा त्याने पेटीचं कुलूप उघडलं. लुगडी बाजूला करताना त्याचे हात थांबत होते. त्याने मला उकळत्या पाण्यात धुतलं आणि गडव्यातलं पाणी माझ्यात ओतलं. मित्रांनो, मला लगेच कळलं. केसरबाईच्या पाण्याची चव मला पाठ होती. हे पाणी ते नव्हतं. माझ्या चोचीवर मिठाची पांढरी खपली धरू लागली. पण बोंडल्याला सांगता येत नाही.

दोनदा मृणालने तोंड वाकडं केलं आणि ओकली. तिसऱ्यांदा पाजण्याआधी भिवाजीला काय आठवलं कोण जाणे, त्याने एक थेंब तळहातावर घेतला आणि चाखला. आसवांची चव त्याला वर्षभरात चांगली ठाऊक झाली होती. हे पाणी त्याहून फार खारट होतं.

"पूनम, पाणी कडक झालं मह्या हातानं."

त्याने दवाखान्यात फोन केला. ते म्हणाले, फार गेलं नाही, ते फेका, मापून नवीन करा, पोरीवर नजर ठेवा. त्याने लिटरच्या बाटलीने पाणी मापलं, चाखलं आणि मृणालला मांडीवर घेतलं. एक थेंब. थांबला. मग दुसरा. ती ओकली की तो दहा मिनिटं थांबायचा आणि पुन्हा सुरू करायचा. तिची जीभ वाळली होती. ढाळ चालू होते, पण सकाळपासून लघवी झाली नव्हती. दारातलं ऊन अंगणाच्या कडेला गेलं.

"राहू द्या मामाजी," पूनम रडवेली होऊन म्हणाली. "देऊन राहिले ते बाहेरच येऊन राहिलं. तिच्या पोटाले जरा आराम द्या."

भिवाजीचा हात थांबला. मग तो म्हणाला, "वैभवच्या आधी एक पोरगी होती आमाले. नेहा. तिच्या पोटाले दोन दिवस आराम देला होता."

पूनम उठून बसली. "आत्याबाईनं तं कधी सांगतलं नाही."

"तुही सासू कायले सांगंन? बोंडलं फळीवर ठेवणारा मीच होतो."

भिंतीला धरून पूनम जवळ आली, मृणालला थोडं अंगावर पाजलं आणि पुन्हा त्याच्या मांडीवर दिलं. तो पुन्हा थेंब थेंब सोडू लागला. ऊन गेलं. वैभव गाडी घेऊन दारात आला, दवाखान्याची पिशवी भरून तयार होती.

तेवढ्यात भिवाजीचं धोतर ओलं झालं. आधी त्याला वाटलं, पाणी सांडलं. त्याने मला पाहिलं, मी भरलेला होतो. पोरीला लघवी झाली होती. तो हलला नाही. ओल्या धोतराने तसाच बसून राहिला आणि पुढचा थेंब सोडला.

मृणालचा आजार आणखी पाच दिवस चालला. ती वाळून काडी झाली, पण राहिली. नेहा राहिली नव्हती. ती माझ्याच नजरेसमोर, भरल्या माठाच्या घरात, तहानेने सुकत गेली. हे मी विसरू शकत नाही आणि भिवाजीही नाही.

मित्रांनो, ढाळ लागलेल्या बाळाचं पाणी तोडू नका. पाकीट मापून मिसळा आणि आधी स्वतः चाखा. बाळ मलूल दिसलं, तर घरी बसून वाट पाहू नका.

भिवाजीने मला परत पेटीत ठेवलं नाही. फळीवरही नाही. माठाशेजारी, खालीच ठेवलं आहे. तिथे घरातल्या सगळ्यांचा हात पोहोचतो.