विसाव्या दिवसाची कुपी

तिने इनक्युबेटरमधून बाटली काढली आणि उजेडासमोर आडवी धरली. तळाशी पेशींचा पातळ थर, वर गुलाबी द्रव. अकरा वर्षं एक दिवसाआड ती तो बदलत आली होती. पेशी आईच्या गाठीतल्या. गाठ काढली आणि त्याच आठवड्यात आई गेली. चांगली पेशी नेमकी कुठल्या पायरीवर बिघडते, हे तिला त्यांच्याकडून काढून घ्यायचं होतं. प्रयोगशाळेत बाटलीला सगळे 'आईसाहेब' म्हणत. आईसाहेबांची भूक काही कमी होत नाही, अशी थट्टा चाले आणि तीही हसायची.

आज सकाळी ओळख-तपासणीचा अहवाल आला. पेशी आईच्या नव्हत्याच. त्या एका पुरुषाच्या होत्या. त्या काळी शेजारच्या टेबलावर वाढवल्या जाणाऱ्या, नाव नसलेल्या, नुसता नंबर असलेल्या.

"ब्लीचमध्ये ओतून टाक," मोठे सर म्हणाले. "होतं असं. तू एकटीच नाहीस."

कसं झालं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. त्या पहिल्या दिवसांत, रडून डोळे सुजलेले असताना, तिने दोन्ही बाटल्यांना एकच पिपेट वापरलं असणार. एक थेंब पुरतो. त्या पेशी दांडगट. ताकास तूर लागू न देता त्यांनी आईच्या बाटलीत बिऱ्हाड केलं आणि आईला जागा उरली नाही. आजार असाच सुरू होतो, हे ती विद्यार्थ्यांना दर वर्षी शिकवत होती. स्वतःची बाटली मात्र भरलेली दिसते एवढ्यावरच ती खूश राहिली. आई दुसऱ्यांदा गेली होती, आणि या वेळी तिच्या हातून.

अकरा वाजता बाबा आले. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते यायचेच. केसांवरून हात फिरवून मायक्रोस्कोपपाशी बसत, काहीतरी पुटपुटत आणि "बरी दिसते" म्हणून उठत.

"बाबा, आधी ऐका," ती म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. पिपेटचंही.

बाबा वाकून बराच वेळ भिंगातून बघत राहिले.

"दिसायला तर तशीच आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे घरचं सगळं मी या गृहस्थांना सांगत होतो? माझ्या गुडघ्यापासून तुझ्या लग्नापर्यंत?"

तिला हसू फुटलं.

"मग ती गेली कधी?" बाबांनी विचारलं.

"नक्की नाही सांगता येणार."

"मी पहिल्यांदा आलो, त्या दिवशी होती का?"

"का हो?"

बाबांनी चष्मा काढला. "तिने गाठ दाखवली तेव्हा 'जाईल आपोआप' म्हणालो होतो मी. सहा महिने तेच म्हणत राहिलो. ती असेपर्यंत माझं तोंड उघडलं नाही. इथे आलो, त्या पहिल्या दिवशी माफी मागितली."

हे तिला ठाऊक नव्हतं. सहा महिने. एवढ्या अवधीत गाठ कुठून कुठे जाते, याचे तक्ते तिनेच काढले होते. तिला बाबांचा राग आला, आणि त्यांच्याकडे बघवेनाही. तिने जुनी वही ओढली. विसावा दिवस: सकाळी एक कुपी गोठवली, दुपारी बाबा पहिल्यांदा आले. ती कुपीही तपासून आली होती. त्र्याण्णव टक्के त्या माणसाच्या. सकाळी हा आकडा वाचून तिने अहवाल मिटला होता, आणि पुढची ओळ वाचलीच नव्हती. आता तिने अहवाल उघडून ती दोनदा वाचली.

"होती," ती म्हणाली. "थोडी. शंभरातल्या सात पेशी तिच्या होत्या. रोज कमी होत असणार. पण त्या दुपारी होती."

बाबा चष्मा पुसत राहिले.

"सात पुष्कळ झाल्या," ते म्हणाले.