फौजदाराचे दात

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मेंढकी मावशीचा कुत्रा शिंप्याला चावला. निदान शिंप्याचं म्हणणं तसं होतं. नऊ वाजता पंचायतीच्या ओट्यावर माणसं जमली. गावाचा नियम जुना आहे : चावरं कुत्रं गावात ठेवायचं नाही.

गावातल्या सगळ्या घरांच्या मिळून त्रेसष्ट मेंढ्या मावशी एका कळपात राखते. पोट त्यावरच. कुत्र्याचं नाव फौजदार. त्याच्या धाकावर कळप चालतो.

"ही पँट मीच शिवलेली," शिंपी पाय पुढे करून म्हणाला. "माझी शिवण अशी उसवत नाही. हे दातांचं काम आहे."

"मावशी, बोला," सरपंच म्हणाले.

मावशीनं फौजदाराला जवळ ओढलं. दोन वर्षं ती दार लावून फौजदाराला मऊ भात भरवत होती. वाटेत कुणी हाड टाकलं तर तो ते तोंडात धरून घरी आणायचा आणि लोक म्हणायचे, काय शिस्तीचं जनावर आहे. आता जबडा उघडला तर कुत्रा वाचणार होता, पण हातचं काम जाणार होतं.

ती खाली बसली आणि तिनं जबडा उघडला. आत नुसत्या हिरड्या.

गुरांच्या डॉक्टरानं आत बोट फिरवलं. "एक होता. जागा अजून ओली आहे." मग त्यानं शिंप्याच्या पँटची दुमड चाचपली आणि त्यातून एक पिवळा सुळा काढला.

"म्हणजे चावलाच की," शिंपी म्हणाला.

"चावला. आता चावणार नाही. किटण चढून हिरड्या सडल्यात याच्या. वेळच्या वेळी दात घासले असते तर टिकले असते."

"कुत्र्याचे?" ओट्यावरचा म्हातारा म्हणाला. "अरे, माझे मी नाही घासले."

"ते दिसतंय, आबा."

चावून झालेला आणि पुन्हा चावू न शकणारा कुत्रा चावरा म्हणायचा की नाही, यावर दीड तास वाद झाला. शेवटी सरपंच म्हणाले, "कुत्रं राहू दे. पण मावशी, कळपाला दातवालं जनावर लागतं. आम्ही दुसरा माणूस बघतो."

"बघा की," मावशी म्हणाली. "पण एक सांगा, सरपंच. दोन वर्षांत मेंढी गेली एखादी?"

"नाही."

"का नाही गेली? याला दात नाहीत हे लांडग्याला ठाऊक नाही. नदीपलीकडच्या मेंढीचोरांना ठाऊक नाही. आजच्या सभेला दोघंही नव्हते. आता त्यांना कळलं तर तुमच्यातल्याच कुणाकडून कळेल."

सरपंचांनी सभेवरून नजर फिरवली. कुणी कुणाकडे बघेना.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हातारा म्हणाला. "लिहा ठराव."

ठराव लिहिला गेला : फौजदाराचे सर्व दात शाबूत आहेत. एकमतानं मंजूर. शिंप्यानं एका हातानं पोटरी चोळत दुसऱ्या हातानं सही केली.

"पहिली मेंढी गेली की काम गेलं," सरपंचांनी मावशीला बजावलं.

मंगळवारी संध्याकाळी त्रेसष्ट भरल्या. बुधवारीही त्रेसष्ट.

गुरुवारी सकाळी शिंपी शिवलेले कपडे पोचवायला नदीपलीकडे गेला. पोटरीवर नवं ठिगळ लावलेली तीच पँट त्याच्या अंगात होती. ते बघून तिकडे कुणीतरी विचारणारच, काय झालं म्हणून. एरवी तो जेवायच्या वेळेला परत येतो. दुपारी चार वाजेपर्यंत आलेला नाही.