चार नाण्यांचा माणूस

मोरजीच्या एका कॅफेत सुविधाचं छोटं टेबल होतं. तिथे येणाऱ्या पर्यटकांना ती टॅरो कार्डं वाचून दाखवायची. तिचा नियम एकच: गिऱ्हाइकाचं तोंड बघून कार्डाचा अर्थ बदलायचा नाही. मृत्यूचं कार्ड निघालं की लोक पांढरे पडत. ती सांगायची, हे मरणाचं नाही, संपलेलं सोडून देण्याचं कार्ड आहे. पण प्रेमिकांचं कार्ड निघालं म्हणून तिने कुणाला लग्नाचं वचनही दिलं नाही. आधीच्या कॅफेवाल्याने सुचवलं होतं, वाईट कार्डं काढून टाक, लोक खूश होऊन जेवतील. तिने दुसऱ्या दिवशी टेबल उचलून इथे आणलं होतं.

हे ठाऊक असूनही तिच्या भावाने, रुद्रेशने, तिला गळ घातली.

पार्से गावातली त्यांची काजूची बाग दिल्लीच्या एका पार्टीला व्हिला बांधायला हवी होती. वडील गेल्यावर बाग आई आणि दोघा भावंडांची झाली. गोव्याच्या कायद्यात मुलीचा वाटा मुलाएवढाच, म्हणून तिघांच्या सह्या लागत. रुद्रेश तयार होता. आईने केली तर मी करीन, असं सुविधाने सांगून टाकलं होतं. आणि आई, विमला, काहीच बोलत नव्हती.

"गुडघ्याच्या ऑपरेशनाला ती तुझं कार्ड बघूनच तयार झाली ना?" रुद्रेश म्हणाला. "मग सहीसाठी पण एक काढ. ते सूर्याचं वर ठेव. पांढरा घोडा, हसरं पोर. बघूनच माणूस सही करतो."

"मी कार्डं लावत नाही, दादा."

"लाव कोण म्हणतो? पिसू नकोस, एवढंच."

"पिसणार. आणि निघेल ते सांगणार."

"सांग. नशीब माझं पण असतं कधी कधी."

सुविधा कबूल झाली त्यात तिचा स्वार्थ होता. तिला बाग विकायची नव्हती आणि भावाशी वैरही नको होतं. नकार कार्डाने दिला असता तर तिला द्यावा लागला नसता.

रविवारी विमला सोप्यावर काजूच्या बोंडांच्या बिया पिरगळून काढत बसली होती. तिने हात पुसले आणि सुविधाने पसरलेल्या पत्त्यांतून एक ओढला.

चार नाण्यांचं कार्ड निघालं. मुकुट घातलेला माणूस दगडी आसनावर बसलेला. एक नाणं डोक्यावर, एक दोन्ही हातांनी छातीशी कवटाळलेलं, दोन पायांखाली दाबलेली. शहराकडे त्याची पाठ.

सुविधाला हवं होतं ते कार्ड हे नव्हतं. काही पुस्तकं या कार्डाला स्थैर्याचं म्हणतात. तिने गिऱ्हाइकांना मात्र कधी तसं सांगितलं नव्हतं.

"हा धरून बसलेला माणूस आहे, आई," ती म्हणाली. "हातातलं सुटेल म्हणून भितो. त्या भीतीने त्याला हलता येत नाही. कार्ड म्हणतं, मूठ सैल कर."

रुद्रेशने खिशातलं पेन काढलं. "ऐकलंस? तुझ्याच मुलीने सांगितलं."

विमलाने कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "कसो घट्ट बसलोहा बघ. कोण उठवतलो ह्येका?"

"अर्थ तो नाही, आई."

"अर्थ समाजलो माका. ह्येका हलूक गावत नाय. पण माका खंय हलाचा आसा?"

रुद्रेश चिडला. "देवानेसुद्धा हो म्हटलंय. गेल्या सोमवारी तुझ्यासमोर कौल लावला. मूर्तीवरची उजवी पाकळी पडली की नाही?"

"पडली. मी देवाकय सांगलंय, बाबा, तू सुखात ऱ्हव, पण बोंडां येचूक तू येणस नाय."

सुविधाला हसू आलं. रुद्रेशला नाही.

"देव नको, कार्ड नको. मग ऐकणार कुणाचं?"

"कोणाचाच नाय. तुमी इचारून दमाल म्हणान गप रवलंय." विमला सुविधाकडे वळली. "आणि तू गो, बाय? तुका बाग होयी की नको?"

"कार्ड तर..."

"कार्डाक कित्या मधी घालतंस? तुका इचारतंय."

सुविधाने पत्ते गोळा केले.

"मला विकायची नाही," ती म्हणाली.

"परवा तर म्हणालीस, आई करेल तर," रुद्रेश म्हणाला.

"म्हणाले. खोटं होतं ते. कार्ड तुझ्या बाजूचं निघालं, ते मी लपवलं नाही. तरी सही करणार नाही."

"लग्न नाही, धड नोकरी नाही. बाग घेऊन करणार काय?"

"बोंडं वेचीन. भट्टीवर हुराक उतरली की तुला एक बाटली पाठवीन."

"थट्टा करू नकोस. उद्या ती माणसं पेडण्याला वकिलाकडे येतायत. त्यांना काय सांगू मी?"

"तू काही सांगू नकोस. मी येते आणि मीच सांगते. तुझ्या तोंडून ते 'थोडा वेळ द्या' असं होऊन पोचेल."

रुद्रेशने आईकडे पाहिलं. ती बोंडांची टोपली पुढे ओढत होती.

"माकाय येवचा आसा," विमला म्हणाली. "सकाळी कितक्याक निघाचा?"